नेटवर्कचे आकडे वाचताना लॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची फायबर आली आणि तिथून पुढे आसपासची पाच-सहा गावं आम्ही पोरापोरांनी वायरलेसने जोडली. पाण्याच्या टाक्यांवर, शाळेच्या गच्चीवर, एका जिनिंगच्या शेडवर राउटर बसले. सगळे ओपनडब्ल्यूआरटीवर, म्हणजे राउटरसाठीच्या लिनक्सवर, चालतात, बहुतेकांत एमटी७६२१ हा चिप आहे: ३२ बिटांचा मिप्स, दोन कोर, चार थ्रेड. कुणी किती डेटा वापरला याच्या हिशेबासाठी कर्नेलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) एक छोटं मॉड्यूल आम्हीच लिहिलं आणि लॉकच्या, म्हणजे एक जण मेमरीला हात लावत असताना दुसऱ्याला थांबवणाऱ्या कुलपाच्या, बाबतीत करता येतील तेवढ्या चुका त्यात केल्या. रविवारी अभ्यासिकेत जमणारी मुलं तेच तेच विचारतात, म्हणून हे पान. सगळं लिनक्स कर्नेलबद्दल आहे. फंक्शनांची नावं उच्चारतो तशी देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये शोधताना रोमन करून घ्या.

भाऊ, आकडा तं फक्त वाचाचा हाये. त्याले लॉक कायले पाह्यजे?

हा प्रश्न दर महिन्याला नवीन माणूस विचारतो आणि दर वेळी मला आनंद होतो, कारण मीही असंच समजून चाललो होतो.

वाचताना तीन वेगवेगळ्या भानगडी होऊ शकतात. पहिली, ज्या मेमरीतून आकडा वाचतोय ती मेमरी वाचता वाचता कुणी मोकळी करून टाकली तर? दुसरी, आकडा अर्धा जुना आणि अर्धा नवा हातात आला तर? तिसरी, दोन आकडे एकेकटे बरोबर आहेत, पण एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे पॅकेट आत्ताचे आणि बाइट मघाचे. या तिन्हींची औषधं वेगळी आहेत. बहुतेक गोंधळ एकीचं औषध दुसरीला दिल्याने होतो. खाली प्रत्येक उत्तर वाचताना आपण कुठल्या भानगडीबद्दल बोलतोय हे मनात धरा.

आकडे नेमके कुठून येतात?

'आयपी -एस लिंक' मारा, '/प्रॉक/नेट/डेव्ह' उघडा किंवा '/सिस/क्लास/नेट' खालच्या 'स्टॅटिस्टिक्स' फोल्डरमधली एखादी फाइल वाचा. तिन्ही वाटा शेवटी डेव्ह_गेट_स्टॅट्स या एकाच फंक्शनात मिळतात. ते ड्रायव्हरचं एनडीओ_गेट_स्टॅट्स६४ असेल तर त्याला बोलावतं, नसेल तर जुनं एनडीओ_गेट_स्टॅट्स, तेही नसेल तर नेट डिव्हाइसमधली साधी स्टॅट्सची रचना उचलतं.

वाटा एकत्र मिळतात, पण प्रत्येक वाटेने येणारा माणूस वेगळं लॉक धरून येतो. नेटलिंकवाला ('आयपी' ही आज्ञा कर्नेलशी बोलते ती वाट) सहसा आरटीएनएल, म्हणजे नेटवर्कच्या मांडणीचं सामाईक लॉक, धरून असतो. '/प्रॉक/नेट/डेव्ह' वाला फक्त आरसीयूच्या वाचन-कक्षेत असतो. आरसीयू म्हणजे लॉक न घेता वाचायची सोय: वाचक आत असेपर्यंत जुनी मेमरी मोकळी होत नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने यातला सगळ्यात कमकुवत पाहुणा धरून चालायचं, म्हणजे आरसीयू, आणि झोपायला (प्रोसेसर सोडून वाट बघत थांबायला) बंदी.

फाटलेला आकडा म्हणजे काय?

जिनिंगवर कापसाची गाडी काट्यावर लागते तेव्हा मापाडी पाटीवर दोन रकान्यांत लिहितो: क्विंटल एका रकान्यात, किलो दुसऱ्यात. समजा पाटीवर ९ क्विंटल ९९ किलो आहे आणि अजून एक किलो पडला. मापाडी किलोचा रकाना पुसून ०० करतो, मग क्विंटलचा ९ पुसून १० करतो. मुनीमजी खिडकीतून पाटी बघतात. त्यांनी आधी किलो बघितले, ९९, तेवढ्यात चहावाला आडवा आला, तो बाजूला होईपर्यंत मापाड्याचं दोन्ही लिहून झालं, आणि मग मुनीमजींनी क्विंटल बघितले, १०. वहीत गेलं १० क्विंटल ९९ किलो. असं वजन काट्यावर कधीच नव्हतं.

३२ बिटांच्या मशीनवर ६४ बिटांचा काउंटर अगदी असाच दोन रकान्यांत असतो. खालचा अर्धा ४,२९४,९६७,२९५ पर्यंत भरला की पुढच्या बाइटला तो शून्य होतो आणि वरच्यात एक मिळवला जातो. वाचणारा प्रोसेसरही दोन वेगळ्या सूचनांनी दोन अर्धे उचलतो. जुना खालचा आणि नवा वरचा मिळाला तर ४,२९४,९६७,२९६ ऐवजी ८,५८९,९३४,५९१ दिसतात. उलट झालं तर चक्क शून्य.

दुसरा कोर असायलाच हवा असंही नाही. वाचणारी प्रक्रिया दोन सूचनांच्या मधोमध असताना त्याच कोरवर इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) आला, मागोमाग सॉफ्टआयआरक्यूने (इंटरप्टनंतर लगेच चालणाऱ्या कर्नेलच्या कामाने) पॅकेट घेतले आणि काउंटर पुढे ढकलला, की चहावाला आडवा आलाच.

हे घडायला नशीब लागतं, कारण सीमा साधारण ४.२९ गिगाबाइटला एकदाच ओलांडली जाते. म्हणूनच टेबलावरच्या चाचणीत ते दिसत नाही.

मग ३२ बिटांचेच काउंटर का ठेवू नयेत? ते तर फाटत नाहीत.

फाटत नाहीत, पण भरतात. पूर्ण भरलेल्या १०० मेगाबिटच्या जोडणीवर ३२ बिटांचा बाइट-काउंटर ५ मिनिटं ४४ सेकंदांत गोल फिरतो, १ गिगाबिटवर ३४ सेकंदांत. पाच मिनिटांनी एकदा वाचणाऱ्या स्क्रिप्टला मध्ये किती फेऱ्या झाल्या ते कळणार कसं? ६४ बिटांचा काउंटर १० गिगाबिटवरही फिरायला साडेचारशेहून जास्त वर्षं लागतात. हीच अडचण ओळखून २०१० मध्ये, २.६.३६ या आवृत्तीच्या सुमारास, एनडीओ_गेट_स्टॅट्स६४ आणि त्याच्या जोडीला यू६४_स्टॅट्स_सिंक कर्नेलमध्ये आले.

सरळ एक स्पिनलॉक लावून टाकला तर?

लावता येतो. स्पिनलॉक म्हणजे तो मोकळा होईपर्यंत मागणारा जागीच गरगर फिरत वाट बघतो असं लॉक. कुणी लिहायचं थांबवलं, कुणी वाचायचं, सगळ्यांना कळतं. पण किंमत बघा. १ गिगाबिटवर सगळ्यात लहान फ्रेम आल्या तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार पॅकेट होतात, म्हणजे एका पॅकेटला ६७२ नॅनोसेकंद. ८८० मेगाहर्ट्झच्या आमच्या चिपवर त्यात जेमतेम ५९० सायकल बसतात. तेवढ्यात पॅकेट घ्यायचं, तपासायचं, पुढे पाठवायचं, आणि वर चार थ्रेडनी एका लॉकसाठी रांग लावायची. दिवसात काही हजार वेळा वाचणाऱ्या माणसासाठी सेकंदाला लाखो वेळा लिहिणाऱ्याला थांबवणं म्हणजे मुनीमजींनी पाटी बघेपर्यंत अख्खा काटा बंद ठेवणं.

जिथे लिखाण क्वचित होतं तिथे मात्र मी आजही स्पिनलॉकच वापरतो. साधं ते चांगलं. फक्त पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय वापरू नका.

'स्पिन_लॉक' आणि 'स्पिन_लॉक_बीएच' यांत एवढा काय फरक?

आमच्या टाकीवरचा राउटर दोन उन्हाळे याच फरकामुळे मेला.

रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास, घराघरात मोबाइल चालू झाले की तो मुका व्हायचा. दिवे लागलेले, पण पिंगला उत्तर नाही. मे महिना, आमच्याकडे पारा ४५ च्या वर, त्यामुळे सगळ्यांचं एकच निदान: डबा तापतो. आम्ही पत्र्याची सावली केली. डब्याला भोकं पाडली. वीजपुरवठ्याचा अडॅप्टर बदलला. दर वेळी शिडी चढून लाइट बंद-चालू करायची, आणि खालून कुणीतरी ओरडणार, "काऊन भाऊ, चालू झालं का?" ऑक्टोबरात थंडी पडायला लागली तरी तो मरतच होता. तेव्हा कुठे उन्हावरचा आळ उठला.

कारण असं होतं. आकडे वाचणाऱ्या फंक्शनात मी साधं स्पिन_लॉक लिहिलं होतं. तेच लॉक पॅकेट घेणारा नॅपी पोलही घ्यायचा, आणि तो सॉफ्टआयआरक्यूमध्ये चालतो. वाचणाऱ्या प्रक्रियेने लॉक धरलं, त्याच क्षणी त्याच कोरवर नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट आला, इंटरप्ट संपता संपता सॉफ्टआयआरक्यू सुरू झाला आणि तो त्या लॉकसाठी गरगर फिरत बसला. लॉक ज्याच्याकडे आहे ती प्रक्रिया याच कोरवर, याच्याच खाली दबलेली. हा उठल्याशिवाय ती हलणार नाही, ती हलल्याशिवाय हा उठणार नाही. मग बाकीचे थ्रेडही एकेक करून त्याच लॉकपाशी येऊन अडकले. रहदारी जास्त तेवढी गाठ पडायची शक्यता जास्त, म्हणून रात्रीची वेळ.

स्पिन_लॉक_बीएच त्या कोरवर सॉफ्टआयआरक्यू थोपवून मग लॉक घेतं. वाचणाऱ्या बाजूच्या दोन ओळींत दोन-दोन अक्षरं वाढवली आणि शिडी गोदामात गेली. तेच लॉक हार्ड इंटरप्टच्या हँडलरमध्येही घेतलं जात असेल तर बीएच पुरत नाही, तिथे स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह लागतं.

यू६४_स्टॅट्स_सिंक नेमकं करतं काय?

मापाड्याने पाटीच्या कोपऱ्यात एक क्रमांक ठेवला असं समजा. लिहायला हात लावण्याआधी तो क्रमांक एकने वाढवतो, लिहून झाल्यावर परत एकने. म्हणजे क्रमांक विषम असेल तर लिखाण चालू आहे, सम असेल तर पाटी पक्की. मुनीमजी आधी क्रमांक बघतात, विषम असेल तर थांबतात, सम असेल तर वजन टिपतात आणि परत क्रमांक बघतात. मघाचाच असेल तर वहीत लिहायचं, बदलला असेल तर टिपलेलं खोडून पुन्हा पहिल्यापासून.

कर्नेलच्या भाषेत लिहिणारा यू६४_स्टॅट्स_अपडेट_बिगिन आणि यू६४_स्टॅट्स_अपडेट_एंड यांच्यामध्ये लिहितो. वाचणारा यू६४_स्टॅट्स_फेच_बिगिन ने क्रमांक घेतो, आकडे उचलतो आणि यू६४_स्टॅट्स_फेच_रीट्राय जोवर 'बदललं' म्हणत राहतं तोवर पुन्हा फेरी मारतो. लिहिणारा वाचणाऱ्यासाठी कधीच थांबत नाही. पाणी शेंदणारा घागर भरतोय आणि मोजणाऱ्याने आपली गरज बघून परत मोजावं, हा न्याय मला पटतो.

प्रत्येक कोरला आपली वेगळी पाटी दिली की लिहिणाऱ्यांची आपसातली ओढाताणही संपते. वाचणारा सगळ्या पाट्यांवरून फिरून बेरीज करतो. पीसीपीयू_एसडब्ल्यू_नेटस्टॅट्स ही तयार रचना त्यासाठीच आहे: आलेले-गेलेले पॅकेट, आलेले-गेलेले बाइट, आणि सोबत तो क्रमांक. टनेलसारखं आभासी डिव्हाइस लिहित असाल तर हीच घ्या, स्वतःची पाटी रंगवत बसू नका. आणि सुरुवातीला यू६४_स्टॅट्स_इनिट विसरू नका.

फेरीच्या आतच बेरीज केली तर चालते ना?

नाही! आमच्यातल्या तिघांनी ही चूक स्वतंत्रपणे केली आहे, त्यात मी एक.

फेच_बिगिन नंतर लगेच 'एकूण' मध्ये या कोरचा आकडा मिळवला, आणि रीट्राय म्हणालं पुन्हा कर. दुसऱ्या फेरीत तोच आकडा पुन्हा मिळवला जातो. पहिल्या फेरीचा मिळवलेला कुणी काढून घेतलेला नसतो. फेरीच्या आत फक्त स्थानिक व्हेरिएबलमध्ये नक्कल घ्यायची. फेरी संपून आकडा पक्का झाला की मग बाहेर बेरीज.

गंमत म्हणजे ही चूक ६४ बिटांच्या लॅपटॉपवर कधीच दिसत नाही, कारण तिथे फेरी एकदाच होते. राउटरवर गेली की उगवते.

एका पाटीवर दोन जण लिहायला लागले तर?

क्रमांक वाढवणं हे साधं 'वाच, एक मिळव, लिही' असतं. दोघांनी एकदम केलं तर एकाची वाढ हरवते आणि क्रमांक विषमवरच अडकून राहू शकतो. त्यानंतर येणारा प्रत्येक वाचणारा 'लिखाण चालू आहे' समजून कायमचा फिरत बसतो. कर्नेलच्या त्या हेडर फाइलमध्ये वरच्याच टिपणीत ही ताकीद लिहिलेली आहे. म्हणून लिहिणाऱ्यांनी एकमेकांना वगळायची सोय स्वतः करायची: प्रत्येक कोरची पाटी वेगळी आणि लिहिताना प्रीएम्प्शन (मधेच कोर दुसऱ्या कामाला देणं) बंद, किंवा मग लॉक. एकच पाटी सॉफ्टआयआरक्यूमधूनही आणि प्रक्रियेतूनही लिहिली जात असेल तर प्रक्रियेच्या बाजूने बीएच, म्हणजे सॉफ्टआयआरक्यू, बंद करायलाच हवं.

वाचणारा लिहीत असेल तर?

हा प्रश्न कुणी आपणहून विचारत नाही. खरं तर सगळ्यात आधी हाच विचारायला हवा.

आमच्या मॉड्यूलखालच्या चिपचं बाइट-रजिस्टर ३२ बिटांचं होतं. त्याचे ६४ बिट करायला मी नेहमीची युक्ती केली: रजिस्टर वाचायचं, मागच्या वेळचा आकडा वजा करायचा, फरक एकूणात मिळवायचा, मागचा आकडा बदलायचा. हे सगळं आकडे विचारले की, म्हणजे 'वाचणाऱ्या' फंक्शनात. लॉक नाही, कारण वाचायचंच तर आहे.

आलेख काढणारी एक स्क्रिप्ट आणि मर्यादा तपासणारी दुसरी, दोन्ही मिनिटाच्या ठोक्याला सुटायच्या. पहिलीने रजिस्टर वाचलं, १०००, आणि ती तिथेच मागे पडली. दुसरीने वाचलं १५००, हिशेब पूर्ण केला, 'मागचा' आकडा १५०० केला. पहिली परत आली, तिच्या हातात १०००, मागचा १५००. हजारातून दीड हजार वजा, तेही बिनचिन्हाच्या ३२ बिटांत: ४,२९४,९६६,७९६. तेवढे बाइट एकूणात पडले आणि मागचा आकडा १००० झाला. पुढच्या वेळी रजिस्टर १६०० होतं, फरक ६००, सगळं सुरळीत. फक्त एकूणात ४,२९४,९६७,२९६ बाइट कायमचे जास्तीचे.

ते पडले सेतू केंद्र चालवणाऱ्या ताईंच्या खात्यावर, पीक विम्याचे अर्ज भरायच्या गर्दीत. महिन्याची मर्यादा संपली म्हणून जोडणी बंद. दारात रांग, हातात सातबारा घेतलेले लोक, आणि ताईंचा मला फोन: "दादा, मी काय सिनेमे पाहून राहिली का इथं?" मी आलेख बघितला तर एका मिनिटात सव्वाचार गिगाबाइट. आमच्या त्या दुव्यावरून एवढा डेटा मिनिटात जाऊच शकत नाही. तिथे मला कळलं की पाप आपलं आहे.

दुरुस्ती एका लॉकची होती: रजिस्टर वाचण्यापासून मागचा आकडा बदलेपर्यंतचं सगळं एका स्पिनलॉकच्या आत. रजिस्टरचं वाचनसुद्धा आतच हवं, नाहीतर तोच घोळ उरतो. मोठे ड्रायव्हर हेच करतात: इंटेलच्या आयजीबी आणि ई१०००ई मध्ये स्टॅट्स६४_लॉक नावाचं लॉक आहे आणि गेट_स्टॅट्स६४ ते धरून आधी आकडे ताजे करतं, मग नक्कल देतं.

६४ बिटांच्या मशीनवर यातलं काहीच लागत नाही ना?

फाटण्यापुरतं म्हणाल तर फारसं नाही. तिथे यू६४_स्टॅट्स_सिंकची रचना रिकामी असते, फेच_बिगिन आणि रीट्राय यांचा खर्च शून्य. तरी कोडमध्ये ते लिहायचंच, कारण तोच कोड उद्या टाकीवरच्या डब्यात जाणार आहे. कंपायलरनेही एक लिखाण दोन तुकड्यांत करू नये म्हणून २०१९ मध्ये यू६४_स्टॅट्स_टी हा प्रकार आला. नवीन कोडमध्ये तोच वापरा, यू६४_स्टॅट्स_ॲड आणि यू६४_स्टॅट्स_रीड सकट.

पण रचना रिकामी याचा दुसरा अर्थ लक्षात घ्या. ६४ बिटांवर पॅकेट आणि बाइट एकाच क्षणाचे असतील याची हमी नाही. प्रत्येक आकडा अखंड, जोडी मात्र एखाद्या पॅकेटने पुढे-मागे. बाइटला पॅकेटने भागून सरासरी काढणाऱ्याला हा फरक सोसवतो. बिलिंगमध्ये दोन्हींचा मेळ पैशापैशाने लावायचा असेल तर खरं लॉक घ्या. '/सिस' मधल्या फाइलींचं तर आणखी वेगळं: प्रत्येक फाइल म्हणजे स्वतंत्र वाचन, तिथे एकाच क्षणाचा प्रश्नच येत नाही.

गेट_स्टॅट्स६४ मध्ये आरटीएनएल घेतला तर सगळंच सुरक्षित होईल ना?

सगळंच बंद होईल. आरटीएनएल हा म्यूटेक्स आहे, तो घेताना झोपावं लागू शकतं. '/प्रॉक/नेट/डेव्ह' वरून आलेला वाचक आरसीयूच्या कक्षेत आहे, तिथे झोपता येत नाही. आणि नेटलिंकवरून आलेल्याने तो आधीच धरला असेल तर तो स्वतःचीच वाट बघत बसतो, कारण हा म्यूटेक्स एकाच माणसाला दोनदा मिळत नाही.

रिंग बदलताना वाचणारा आत असला तर?

ही पहिली भानगड, मेमरीच्या आयुष्याची, आणि यात चुकीचा आकडा येत नाही, मशीनच पडतं. 'एथटूल -एल' (मोठा, कॅपिटल एल) ने रांगांची संख्या बदलली की ड्रायव्हर जुन्या रिंग (पॅकेटच्या गोल रांगा) मोकळ्या करून नव्या बांधतो. हे आरटीएनएल धरून होतं. पण '/प्रॉक' वाला आरटीएनएल विचारतच नाही, तो बिनधास्त जुन्या रिंगचे आकडे चाळत असतो. पाटीच्या कोपऱ्यातला क्रमांक इथे काही कामाचा नाही, कारण क्रमांकच ज्या मेमरीत आहे ती गेली.

उपाय दोन. इंटेलच्या आयएक्सजीबीई सारखं करा: वाचताना आरसीयू धरायचा, रिंगचा पॉइंटर रीड_वन्स ने एकदाच उचलायचा, नल असेल तर सोडून द्यायचं, आणि मोकळी करताना केफ्री_आरसीयू, म्हणजे आत असलेले वाचक बाहेर पडेपर्यंत मेमरी जागेवर. किंवा एक स्पिनलॉक ठेवा, जो वाचणाराही घेईल आणि रिंगचे पॉइंटर बदलणाराही. लहान ड्रायव्हरला दुसरा पुरतो.

आकडे चिपमधून आणायला झोपावंच लागत असेल तर?

यूएसबीवरचं कार्ड किंवा एमडीआयओच्या तारेवरचा स्विच असेल तर असंच असतं. तिथे वर्कक्यू (झोपता येणाऱ्या कामांची रांग) दर काही सेकंदांनी आकडे आणून एका नकलेत ठेवते आणि गेट_स्टॅट्स६४ फक्त ती नक्कल छोट्या लॉकखाली देते. आकडा दोन सेकंद शिळा असेल. चालतं.

बेरजेत फक्त चालू कोर घेतले तर वेळ वाचेल का?

फॉर_ईच_ऑनलाइन_सीपीयू वापरू नका. एखादा कोर बंद झाला की त्याच्या पाटीवरचे आकडे बेरजेतून गळतात आणि एकूण मागे जातं. फॉर_ईच_पॉसिबल_सीपीयू घ्या.

माझ्या स्क्रिप्टला आकडा मागे गेलेला दिसला तर मी काय समजू?

काउंटर फिरला असंच समजून २ चा ३२ वा घात मिळवू नका. ते फक्त जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरला लागू, तेही ३२ बिटांच्या मशीनवर, जिथे साधा काउंटर ३२ बिटांचाच असतो. ६४ बिटांचा आकडा मागे गेला तर बहुधा ड्रायव्हरने रिंग नव्याने बांधताना जुने आकडे जपले नाहीत, किंवा डिव्हाइस काढून परत लावलं. तो नमुना टाकून द्या आणि तिथून नव्याने मोजा. एक नमुना गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. चार गिगाबाइट जास्तीचे लागले तर ताईंचा फोन येतो.

बाँडिंगसारखी (अनेक कार्डं एक म्हणून चालवणारी) डिव्हाइसं यासाठी खालच्या प्रत्येक कार्डाचा मागचा आकडा लक्षात ठेवून फरकच मिळवतात. अर्थात तिथेही वाचणारा लिहितो, म्हणून तिथेही लॉक आहे.

चूक पकडायची कशी? राउटर मरायची वाट बघायची का?

लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा कर्नेलचा तपासनीस) चालू करून कर्नेल बांधा, म्हणजे कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग. माझी बीएचची चूक त्याने पहिल्या दहा मिनिटांत, काहीही न अडकता, सांगितली असती. दोन उन्हाळे शिडी चढायची गरज नव्हती. कॉन्फिग_डीबग_ॲटॉमिक_स्लीप झोपण्याची चूक पकडतं. केसीसॅन, जो २०२० च्या ५.८ आवृत्तीत आला, लॉकशिवायची हातघाई दाखवतो. तो ६४ बिटांच्या पीसीवर आभासी मशीनमध्ये चालवायचा.

मग एका खिडकीत '/प्रॉक/नेट/डेव्ह' अखंड वाचत ठेवा, दुसरीत तेच, तिसरीत रांगांची संख्या बदलत राहा. आणि काउंटर शून्यापासून सुरू करू नका, चाचणीपुरता ४,२९४,९६०,००० पासून करा म्हणजे सीमा लगेच येईल. ही युक्ती माझी नाही. कर्नेल स्वतःचा जिफीजचा (घड्याळाच्या ठोक्यांचा) काउंटर मुद्दाम असा सुरू करतं की बूट झाल्यावर पाच मिनिटांत त्याचे ३२ बिट भरून फिरावेत, म्हणजे चुकीचा कोड डेव्हलपरच्याच टेबलावर पडेल.

लाइट गेली तं आकडे जातात का?

जातात. सगळे मेमरीत असतात, बूट झाल्यावर शून्य. आमच्याकडे दिवसातून तीनदा तरी हे होतं. म्हणून स्क्रिप्ट प्रत्येक नमुन्यासोबत '/प्रॉक/सिस/कर्नेल/रँडम/बूट_आयडी' लिहून ठेवते. तो बदललेला दिसला की मागचा आकडा शून्य धरायचा.